फराळ आला, वाडी पळाली

९ ऑक्टोबर, गुरुवार

माझ्याच गळ्यात पडलं! सकाळी हजेरीला साहेब म्हणाले, ‘यंदा आपल्या पोलीस ठाण्याची दिवाळी आंबेमाळवाडीवर. फराळ, कपडे, पोरांना फुलबाज्या.’ मग सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यावर आणून थांबवली. ‘छायाताई बघतील.’ छायाताईंना विचारलं कुणी? पण साहेब म्हणाले बघतील, म्हणजे बघतील.

खरं सांगायचं तर बरं वाटलं. हवालदार झाले तरी मला हाक कधी? आरोपी बाई असली की, नाहीतर ठाण्यात कुणी रडायला लागली की. फराळासाठी पहिल्यांदाच.

साहेब साताऱ्याकडचे. इकडे येऊन एक पावसाळा झाला फक्त. पण एक गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिलीय. ही आदिवासींची वाडी आपल्या हद्दीत, आणि तिथल्या एकाही माणसाने ठाण्याची पायरी चढलेली नाही. तक्रार नाही, अर्ज नाही, साधं शेजारणीशी भांडण नाही! ‘एवढी सुखी वाडी कुठे असते का हो, छायाताई? घाबरतात आपल्याला.’ फोटोबिटोचं त्यांना काही पडलेलं नाही. वाडीवरचं एक तरी माणूस आपल्या पायांनी ठाण्यात यावं, एवढंच त्यांना हवंय.

आमचे जुने शिपाई पोपटराव हळूच म्हणाले, ‘लोकं ठाण्यात येऊ नयेत म्हनून तर आपन असतो, सायब.’ माझा चहा नाकातून बाहेर आला.

११ ऑक्टोबर, शनिवार

हुकूम सुटलाय – फराळ घरचाच पाहिजे, दुकानातला चालणार नाही. पोलीस लाइनीत घरोघरी तळण. माझ्या चकल्या तेलात विरघळल्या. मोहन जास्त झालं! सासूबाईंनी कढईत बघून नुसता उसासा टाकला. किशोर मात्र बोललाच. ‘वाडीवर कशाला नेतेस? पुरावा म्हणून जमा कर.’ नवरा आहे की विरोधी पक्ष!

दुपारी हर्षदशेठ ठाण्यात आले. खालापूरकडे त्यांच्या वीटभट्ट्या, दोन फार्महाऊस. हात सढळ. गणपतीच्या बंदोबस्तात आम्हाला चहा-वडापाव त्यांच्याकडूनच येतो. म्हणाले, ‘ताई, कपडे समदे माझ्याकडून. बायांना साड्या, पोरांना ड्रेस. आंबेमाळ तर माझ्या घरचीच वाडी हाय, मी पन येतो.’ चला, एक काळजी मिटली! जाताना दारात लावायचा फलकही छापून देतो म्हणाले.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

फलक लागला. एका बाजूला साहेब, एका बाजूला हात जोडून शेठ, मध्ये भलीमोठी पणती. माझं नाव सगळ्यात खाली, बारीक. पणतीचा फोटो माझ्यापेक्षा मोठा. असो.

चकल्यांचा दुसरा घाणा विरघळला नाही, पण कडकही झाला नाही. त्याच नेणार.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

फजिती! पुरती फजिती!

पुढे जीप, मागे टेंपो, त्याच्यामागे शेठची पांढरी गाडी, अशी आमची वरात वाडीवर पोचली. आणि वाडी रिकामी! चुली पेटलेल्या, एका तव्यावर भाकरी करपतेय, कोंबड्या फिरताहेत आणि माणूस नाही. आम्ही फुलबाज्यांची खोकी घेऊन उभे.

एक म्हातारी तेवढी ओट्यावर बसली होती. चिंधीबाई नाव. मी लाडू पुढे केला. घेईना. माझ्याकडे बघेना सुद्धा, माझ्या खांद्यावरून मागेच बघत राहिली. विचारलं, ‘आजी, कुठे गेली सगळी?’ ‘रानात.’ ‘कशाला?’ ‘लाकडाला.’ भाकरी तव्यावर टाकून अख्खी वाडी लाकडाला!

खाली आल्यावर घोळ कळला. वाडीला आवतण द्यायचं काम मी खालच्या गावच्या रोहिदास पाटलांना सांगितलं होतं. पोलीस पाटील माणूस, तरणा होता तेव्हापासून हेच काम करतोय. मी विचारलं, काय सांगितलंत हो? छाती काढून म्हणाले, ‘बराबर सांगितलं, बाई. म्हनलं, ठाण्याचा हुकूम हाय. सकाळी समद्यांनी हजर ऱ्हायचं. कुनी गाव सोडून जायचं नाय. नायतर सायब बघतील.’

मी कपाळाला हात लावला. दिवाळीचं आमंत्रण, आणि तेही आरोपीला देतात तसं! बिचारे पाटील. त्यांना दुसरं आमंत्रण येतच नाही. शेठ तर पोट धरून हसत होते. जीपमध्ये बसल्यावर साहेबांनाही हसू फुटलं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस.

परत आणलेल्या लाडवांवर ठाण्यात सगळ्यांचा डोळा. पोपटरावांच्या मिशीला बेसन लागलंय. मी काही पाहिलेलं नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज सगळं शहाणपणाने केलं होतं. पाटलांना नुसतं ‘फराळ घेऊन येतोय’ एवढंच सांगायला लावलं, माझ्यासमोर पाठ करून घेतलं. जीप नाही. वर्दी नाही. साहेब टी-शर्टात. पोपटराव मुलाचा फुलाफुलांचा शर्ट घालून आले होते – गोव्याला निघालेला बैल! मी पंजाबी ड्रेस. टेंपोतच बसून गेलो. शेठना कळवलेलं होतंच, त्यांची गाडी फाट्यावर येऊन मिळाली.

वाडी पुन्हा रिकामी!

या वेळी मला रागच आला. अरे, लाडू घेऊन आलोय, बेड्या नाही! पोपटराव रानाकडे तोंड करून ओरडले, ‘ओऽऽ, या रं! कायबी करनार नाय!’ असं पोलिसाने ओरडल्यावर कोण येईल?

चिंधीबाई मात्र आजही होती. मी जवळ बसले. आज तिने लाडू घेतला, पदरात बांधला. मग माझ्या हाताला धरून हळूच म्हणाली, ‘बाय…’ पुढे काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात शेठ साडी घेऊन आले, तिच्या मांडीवर ठेवली, फोटो काढायला लावला. म्हातारी उठून आत गेली ती बाहेरच येईना. शेठ म्हणाले, ‘लाजली!’ मलाही तसंच वाटलं.

उलगडा केला आमच्या रुचिताने. नवी शिपाई आहे, पण डोकं चालतं पोरीचं. परतताना म्हणाली, ‘ताई, आपण साध्या कपड्यात, टेंपोतून कधी जातो?’ मी म्हटलं, कधी? ‘धाडीला!’

खरंच की! दारूभट्टीवर धाड घालायची की आम्ही असेच तर निघतो, अगदी पोपटरावांच्या त्या शर्टासकट.

२० ऑक्टोबर, सोमवार

पहिली आंघोळ अंधारातच उरकली, कारण बंदोबस्त. सासूबाई खूश. वर्षातून एक दिवस मी त्यांच्या आधी उठते.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन.

साहेब आज खट्टू होते. म्हणाले, ‘राहू द्या, ताई. कपडे दुसऱ्या वाडीला देऊन टाकू. जबरदस्तीने कुणाची दिवाळी करता येत नाही.’ त्यांचा चेहरा बघून मलाच कसंतरी झालं. एवढा धिप्पाड माणूस, आणि वाडीने पाठ फिरवली म्हणून खरोखर दुखावलाय. मुख्य म्हणजे माझ्या चकल्यांचं काय?

म्हटलं, साहेब, एकदाच. परवा भाऊबीज आहे. फक्त आम्ही बायका जातो. वर्दीतच जातो – लपवाछपवी नाही, पोलीस आहोत तर आहोत. आणि पायी जातो. साहेब म्हणाले, ‘जा.’

शेठना फोन केला. ते भाऊबीजेला पनवेलला बहिणीकडे. ‘अरेरे, माझ्याशिवाय? बरं, फोटो पाठवा, ताई. समद्यांचे.’

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज.

जमलं! जमलं! जमलं!

हात दुखतोय, पाय दुखताहेत, पण लिहिल्याशिवाय चैन पडायचं नाही. रुचिता, मी आणि आणखी दोघी. पाटलांच्या अंगणापासून डोक्यावर टोपल्या घेऊन निघालो. भातं कापायला आलेली, बांधावरून चढत गेलो. रुचिता म्हणाली, ‘ताई, आपण पोलीस दिसतोय की बाजारला निघालेल्या?’ वाडी दिसली. आजही रिकामी असली तर मी तिथेच बसून रडणार होते.

आधी पोरं दिसली. झाडामागून एक, मग दुसरं. मग दारात बायका. पळाली नाहीत! मग पुढे आला नागू, दांडगा गडी, हातात कोयता. आमच्याकडे बघतोय, आमच्या मागच्या वाटेकडे बघतोय. मी टोपली उतरवली, ताट काढलं, निरांजन पेटवलं. म्हटलं, ‘बसा.’

‘आमी? कशाला?’

‘भाऊबीज आहे ना! भावाला नाही तर कुणाला ओवाळू, जीपला?’

आधी एक म्हातारा हसला. मग एक बाई. मग सगळी वाडी! नागूने कोयता खाली ठेवला आणि पाट नव्हता म्हणून उपड्या टोपलीवर बसला. टोपली मोडली. त्यावर जो हशा पिकला, तो खाली पाटलांना ऐकू गेला म्हणे. मग रांगच लागली. कुंकू संपलं, तेव्हा कुणीतरी हळद आणून दिली. ओवाळणीत कुणी काकडी घातली, कुणी कंद, एकाने मधाची बाटली. रुचिताच्या हातात तर जिवंत कोंबडी! साखळीचोराला मान धरून आणणारी पोरगी, कोंबडी फडफडली तशी किंचाळली. सोनुबाई म्हणून एक आहे, तिने नाचायला ओढलं. कमरेला हात गुंफून, गोल. माझे बूट सगळ्यांच्या पायांवर. कुणी हूं की चूं केलं नाही.

मला रडू आलं. डोळ्यात धूर गेला असं सांगितलं.

आणि माझ्या चकल्या! चिंधीबाईने एक तोंडात घातली, चघळली, दुसरी घेतली. ‘ह्या बऱ्या. मऊ हायत.’ तोंडात एक दात नाही बाईच्या. सासूबाईंना हे मुद्दाम सांगणार आहे, दातांचं सोडून.

निघताना तिने विचारलं, ‘आज गाडी नाय?’ म्हटलं, नाही, आजी, जीप ठाण्यातच ठेवली. मी तिचे हात हातात घेतले. म्हटलं, ‘आता मी तुमची मुलगी झाले ना? काही लागलं तर लेकीकडे यायचं. ठाण्यात. मी आहे.’ तिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. तिची बोली मला निम्मीच कळते, मान तर त्याहून कमी.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. स्वतःच्या हाताने कप दिला मला! पोपटराव म्हणाले, ‘म्हंजी घोळ आमच्या मिशीचाच हुता तर.’ म्हटलं, होताच. तुमची मिशी पाहून मीसुद्धा कधी कधी घाबरते.

दिवसभर मी ठाण्यात ज्याला त्याला तेच सांगत होते – पोलिसाची भीती कशी घालवायची, वर्दी कशी घालायची, आवाज कसा ठेवायचा. रुचिता शेवटी म्हणाली, ‘ताई, आता प्रशिक्षण केंद्रच काढा.’

शेठना सगळे फोटो पाठवले. लगेच फोन आला, आवाजात आनंद मावत नव्हता. ‘व्वा, ताई! अख्खी वाडी घरीच हाय की! भट्टी सुरू व्हायची हाय, आता जाऊनच येतो.’ म्हटलं, जा की! आता कुणी पळायचं नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

चिंधीबाई आली. आपल्या पायांनी, ठाण्यात. बरोबर नागू. साहेब धावत बाहेर आले, खुर्ची दिली. ती जमिनीवरच बसली. मी हसत म्हटलं, ‘काय आजी, गेली ना पोलिसांची भीती?’

‘तुमाला कोन भितंय, बाय?’ ती म्हणाली. ‘तुमच्या मागं त्या शेठची गाडी यायची.’

तिची लेक ललिता. गेल्या दिवाळीला जावयाबरोबर शेठच्या भट्टीवर गेली. पावसात भट्टी बंद झाली, बाकीची माणसं परत आली. ही दोघं नाही आली. घेतलेली उचल फिटली नाही म्हणून फार्महाऊसवर ठेवलीत, फाटकाला बाहेरून कुलूप. ती सुटेपर्यंत यंदा कुणीच भट्टीवर जायचं नाही, असं वाडीने ठरवलं होतं. म्हणून ती गाडी दिसली की सगळे रानात. काल तो शेठ आला आणि फोटो दाखवून एकेकाला ‘भट्टीवर चल’ म्हणत घरातून बाहेर बोलावलं. माझे फोटो.

आणि आम्ही आपले वर्दी घालत बसलो होतो, काढत बसलो होतो!

तक्रार मी लिहून घेतली. साहेबांनी जीप काढायला सांगितलीय. शेठना कळवायचं नाही.