विजूआत्याचा नियम

सात रस्ता, सोलापूर
६ जानेवारी २०२५

ती. सौ. विजूआत्या हिस,
पूनमचा सा. न. वि. वि.

फोनवर तू माझ्यापेक्षा मेंढरांशीच जास्त बोलतेस, म्हणून हे पत्र. मोबाइलवरच्या एका खेळात खेळणाऱ्यांनीच नवे प्रकार करून फुकट घालायची सोय आहे. असा प्रकार, त्याला मोड म्हणतात, माझे सोबती पृथ्वीराज, दानेश्वरी आणि मी नोकऱ्या सांभाळून वर्षभर खपून केला. सहा जण एकदम खेळतात. तिन्हीसांजेला सगळ्यांचे कळप मिसळतात, आणि ज्याने त्याने हाळी देऊन आपली मेंढरं वाघरीच्या जाळीत कोंडायची. वेळेत जास्तीत जास्त मेंढरं आत घेऊन जो आधी जाळी बंद करील तो जिंकला. हाळी कुणाची, सांग? तुझी! दिवाळीत गुपचूप रेकॉर्ड केली. पंचवीस तारखेला मोड सगळ्यांसाठी खुला होईल. तुझ्या जोतिरामला आधीच पाठवलाय, बघून घे.

मामांना नमस्कार. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी पूनम


वळसंग
११ जानेवारी

चि. पूनम हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि मी गल्लीभर सांगत सुटले. पण तुझ्या खेळानं आमचा पार खेळखंडोबा केला. जोतिराम शेजारच्या रानातल्या बसवराजच्या बांधावर बसला आणि मोठ्या आवाजात खेळ लावला. माझी हाळी ऐकून मेंढरं जाळी पाडून धावली, ती थेट हुरड्याच्या ज्वारीत. बसवराज म्हणाला की वैनी, तुमी घरात आन् हाळी रानात, ही कसली करणी हाय? त्याची समजूत घातली.

खरं दुखणं पुढं आहे. जोतिराम दोन दिवस खेळतच होता. मेंढरं दर वेळी आवाजामागं गेली आणि तिथं मी नव्हतेच. आता मी खरी हाळी दिली तरी ती मान वर करून बघतात आणि पुन्हा चरायला लागतात. हाळी दिली की तिथं माणूस उभं असतं, एवढंच त्या मुक्या जिवांना ठाऊक होतं. अंधार पडतो, एकेक हुडकून आणावं लागतं, आणि माळावर लांडगा फिरतोय. पोरी, माझा आवाज तेवढा काढ. तुझ्या कामात मोडता घालताना मला बरं वाटत नाही.

जेवणखाण वेळेवर करत जा. रुसू नकोस.

तुझी विजूआत्या


सोलापूर
३ फेब्रुवारी

ती. सौ. विजूआत्या हिस,
पूनमचा सा. न. वि. वि.

तुझा आवाज लगेच काढला. पृथ्वीराज भडकला, की तारीख जाहीर झालीय, आता लोकांना तोंड काय दाखवायचं. दानेश्वरीनं तुझं पत्र त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. मग त्यानंच सुचवलं, की आत्या सांगतात तोच नियम खेळात घालू. तारीख पुढे ढकलली. आता प्रत्येकानं स्वतःच्या आवाजात हाळी द्यायची, आणि हाळी देऊन जो जागचा हलेल त्याची मेंढरं पुढच्या हाळीला येणार नाहीत.

आत्या, त्या एका नियमानं खेळात जीव आला! परवा खुला केला. कुणी कन्नडमध्ये हाळी देतंय, कुणी तेलुगूत. मला इतका अभिमान वाटतोय की ऑफिसात काम सुचत नाही. करणाऱ्यांच्या नावांत एक ओळ रिकामी ठेवलीय, 'नियम' अशी. तुझं नाव घालू का? या वेळी विचारतेय हं.

मेंढरं येतात का, ते आधी कळव. त्याचाच घोर लागलाय.

तुझी पूनम


वळसंग
९ फेब्रुवारी

चि. पूनम हिस,
आत्याचे भरभरून आशीर्वाद.

नाव घाल. ठळक घाल. तुझे मामा पारावर सांगून आलेत, की आमच्या घरचा कायदा आता मोबाइलमदी बी चालतोय.

मेंढरांसाठी रोज हाळी दिली आणि एकही आलं नाही तरी मूठभर पेंड घेऊन तिथंच उभी राहिले. आधी एक म्हातारी मेंढी आली. परवा सगळा कळप आला. मी जाळीपाशी बसून रडले. माझ्या मेंढरांपायी तू तारीख सोडलीस, हे मी विसरायची नाही. पोरगी शहरात गेली की मेंढरांना विसरते म्हणणाऱ्यांना मी आता तुझा खेळ दाखवते.

काल मीही खेळले, गावाबाहेर लांब जाऊन, आपल्या मेंढरांना ऐकू जाऊ नये म्हणून. सगळी आली, एक कोकरू राहिलं. वेळ संपत आली. जोतिराम म्हणाला की आई, सोड त्याला, जाळी बंद कर, जिंकशील. मी हाळी देत उभीच राहिले. कुणीतरी बेंगलोरचा जिंकला. माझं कोकरू मात्र आत आलं.

आहेस तशीच राहा.

तुझी विजूआत्या