रोडेलकडे नेलेला स्टीलचा पेला

बेडोक, शनिवार, १२ जुलै २०१४

नुसता वैताग. समोरच्या फ्लॅटमधला रोडेल कायमचा फिलिपिन्सला परत चाललाय, म्हणून आज संध्याकाळी त्याने गावाहून आलेली नारळाची माडी प्यायला बोलावलं. त्यांच्यात सगळ्यांना मिळून एकच पेला. एकजण भरून देतो, आपली पाळी आली की पिऊन परत करायचा. हे कळल्यावर आमच्या ह्यांनी घरून स्टीलचा पेला घेतला. माझ्या आईने माझं नाव कोरून दिलेला. "मी कोणाचं उष्टं पिणार नाही," म्हणे. तुआसच्या जहाजांच्या यार्डात दोघं एकत्र कामाला, तिथे इतकी वर्षं रोडेलच्या डब्यातले मासे खाताना कुठे गेलं होतं हे उष्टं?

रोडेलला वाटलं, पेला त्याला भेट आणलाय. मी तरी कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? कोरलेलं नाव त्याने माझ्याकडून वाचून घेतलं, आपला काचेचा ग्लास बाजूला सारला आणि माझाच पेला भरून फिरवला. सगळे त्यातून प्यायले. शेवटी ह्यांची पाळी आली, तर हे माझ्याकडे बघत बसले. मग मीच घेतला आणि संपवला. माडी आंबट, तुरट होती.

आता हे विचारतायत, पेला कुठाय. रोडेलच्या बॅगेत. माझ्या नावासकट.