दुधाच्या बाटलीत चीक

कवठे येमाई, ता. शिरूर
९ जानेवारी २०२५

श्री. ज्ञानेशराव,
जयभीम.

इकडे सगळे बरे आहेत. आबांचा खोकला कमी आहे, कांद्याला पाणी चालू आहे. तुमची खुशाली विचारत नाही. तुमच्यासारख्यांना काय होतंय! फोनवर तुम्ही बायकोला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून पत्र लिहितेय.

वीस तारखेला दौंडच्या डेअरीत तुमचा सत्कार आहे म्हणे. चाऱ्यात मिसळायच्या तुमच्या पावडरीने गाईंच्या दुधातली रोगाशी लढणारी प्रथिनं कितीतरी पटीने वाढली, हा शोध लावल्याबद्दल. वा रे शोध! शोध लावणाऱ्याला दूध दिसतं कसं एवढं तरी ठाऊक असावं, अशी माझी भाबडी समजूत होती.

दूध-तपासणीच्या रिपोर्टवर माझी सही हवी म्हणून तुम्ही दोनदा निरोप धाडलात. लॅबमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला होतात, "हिचं काय, ही नुसती बटणं दाबते." आता तिच्याकडूनच ऐका. मशीन प्रथिन थेट मोजत नाही. आपण प्रथिनाचे तुकडे करून देतो, मशीन ते तुकडे पकडतं, आणि कोणता तुकडा किती ठळक दिसला त्यावरून सॉफ्टवेअर मूळ प्रथिन किती असेल याचा अंदाज बांधतं. बाटलीवर तुम्ही 'दूध' लिहिलंत, त्या बिचाऱ्याने दूध मानलं. त्याला डोळे नाहीत. तुम्हाला होते.

शिरूरच्या गाईंना पावडर दिली नव्हती, त्यांच्या बाटल्या सगळ्या सारख्या निघाल्या. दौंडच्या सगळ्या गाईंनी पावडर खाल्ली, पण ती प्रथिनं भरमसाट होती चारच बाटल्यांत. त्यांच्या जिवावर तुमची सरासरी वर गेली. मी त्या चार घरी जाऊन आले. विठाबाईंनी कौतुकाने सांगितलं, "सायेब पयल्यांदा दारात आलं. त्यास्नी साधं दूध कसं द्यायचं? आदल्या दिशी गाय याली व्हती, चीकच दिला." बाकीच्या तिघींनीही तेच केलेलं. पाहुण्याला घरातलं चांगलं ते द्यायचं, त्यात त्यांचं काय चुकलं?

चीक! पिवळाधमक, दाट. नव्या वासराला त्यातूनच ताकद मिळते, ती प्रथिनं त्यात असणारच, पावडर असो वा नसो. गोठ्यात वाढलेल्या माणसाला तो ओळखू येऊ नये, या तुमच्या अडाणीपणाची मला लाज वाटत होती. मग आठवलं. बाटल्या गोळा केल्यात त्या संध्याकाळी उरलेला चीक डब्यातून घरी आणलात आणि म्हणालात, वेलदोडा जास्त घाल. मी खरवस केला, आपण दोघांनी खाल्ला. अडाणी असतात तर मी निभावून नेलं असतं हो.

जाब विचारला तर किती सहज म्हणालात, "बोंब झालीच तर सांगू, बायांनी फसवलं." त्याच दिवशी मी बॅग भरली. इथं आईला सांगितलंय, चार दिवस राहायला आलेय. ते खरं नाही. मी परत येणार नाही. एवढं एक वाक्य लिहायला कांद्यापासून सुरुवात करावी लागली.

रिपोर्ट मी नव्याने केला. चिकाच्या बाटल्या बाजूला काढल्या की दौंड आणि शिरूरमध्ये काही फरक नाही. त्यावर सही केली आणि डेअरीच्या चेअरमनकडे पाठवला. सत्कार होईल की नाही, मला माहीत नाही. सभा मात्र होणार आहे.

विठाबाईंना कळल्यापासून त्या रडतायत. "माझ्यापायी सायबाचं नाव खराब झालं" म्हणतात. सभेत सगळ्यांदेखत तुमची माफी मागायचं त्यांनी ठरवलंय. मी परोपरीने समजावलं, ऐकत नाहीत. त्या तुमच्यापुढे हात जोडतील, तेव्हा मान खाली घालू नका. त्यांच्या तोंडाकडे बघा, आणि काय ते बोला.

मला उत्तर नको.

भाग्यश्री