तानुबाईचा नवरा

४ ऑगस्ट, अकोला

अमरावती सोडल्याचं बरं वाटलं. खोली हवेशीर आहे, कामही सोपं. मेडिकल कॉलेजात खोटी पेशंट व्हायचं, होणाऱ्या डॉक्टरांनी माझ्यावर हात बसवायचा. मी पातूरची भाजीवाली तानुबाई. छातीत दाब, डावा हात जड, बाहेर थांबलेला नवरा जानराव.

आमचे हे असेच गेले. कुठल्याशा कोवळ्या डॉक्टरने गॅस आहे म्हणून घरी पाठवलं होतं. असले नग कुठे घडतात ते बघायचं होतं.

काम संपलं की आम्हा खोट्या पेशंटांना शिकवणारे शेखर सर प्रत्येकीला तोंड धुऊन स्वतःचं पूर्ण नाव मोठ्याने म्हणायला लावतात. म्हणे पेशंट अंगातून उतरतो. पोरखेळ. रागिणी सहदेव गावंडे. लिहिता येतं. पण ह्यांचं नाव तोंडाने मी लग्नातल्या उखाण्यात घेतलं तेवढंच. आता चारचौघांत कशाला? नुसते ओठ हलवले.

८ ऑगस्ट

विद्यार्थी कसले, पोपट. तुमचा त्रास समजतो, म्हणतात आणि डोळे घड्याळावर. शिवम नावाच्या एकाचा स्टेथोस्कोप गळ्यातच होता, कानात नव्हता. तरी ठोके नॉर्मल.

पोटदुखीची पेशंट होणाऱ्या पार्बताबाईने हटकलं, “नुसते ओठ काहून हालवतं वं? पुरं नाव घे. नाई तं ते बाई घरी येते संगं.” अडाणी बाई. हिलाही इथे पगार देतात.

१४ ऑगस्ट

हातांना मेथीचा वास. साबणाने जात नाही. मी मेथी आणलेलीच नाही. डावा हात जड वाटतो.

१९ ऑगस्ट

आज खरंच दुखलं. शिवमला म्हटलं, हे नाटक नाही. तो म्हणाला, समजतो मावशी, गॅस आहे. शेखर सरांनी माझ्या अभिनयाचं कौतुक केलं. टाळ्या. सगळे गाढव —

२१ ऑगस्ट

संध्याकाळी दाराबाहेर माणूस. सायकल टेकवल्याचा आवाज. “तानू, चाल वं, बजार भरून राहिला.”

उघडलं नाही.

२२ ऑगस्ट

पूर्ण नाव मोठ्याने म्हणून पाहिलं. रागिणी — पुढचं येत नाही. समोर ह्यांचा फोटो आहे. चेहरा ओळखते. नाव —

पहिलं पान वाचलं. सहदेव कोण —

दाब वाढतोय. तो बाहेर बसून आहे, खोकतोय. पार्बताबाईचं ऐकायला हवं — सावकाश म्हणते, म्हणत म्हणत लिहिते. रागिणी

रागिणी जानराव —