सतरा नंबरची पिवळी गोळी

मरोदा, भिलाई
दि. ११ ऑगस्ट १९६३

आदरणीय मामाजी,

जावई चंपतचा तुमाले आणि मामीजीले सविनय जय भीम. आमी तिघं इथं मजेत आहोत, पोरगी आता भिंतीले धरून उभी राहून राहिली. तुमचा गुडघा कसा आहे, धानाची रोवणी आटोपली का, म्हैस व्याली का, ते सगळं कळवा. पत्राले उशीर झाला त्याचं कारण असं का त्यात मामीजीचं नाव येते, आणि सासूचं नाव घेऊन जावयानं तक्रार लिहावी तरी कशी? सहा दिवस कागद कोरा घेऊन बसलो. आज तुमची शालू म्हणाली, लिहा नाहीतर मी लिहिते, म्हणून लिहायले घेतलं.

माझ्या अंगावर पित्त उठते ही बातमी देवीदासकडून तुमाले कळलीच असेल (तुमचा पोरगा आहे म्हणून जास्त बोलत नाही, पण त्याच्या पोटात भात पचते, बातमी पचत नाही). मागच्या दिवाळीपासून सुरू झालं. आठवड्यातून तीन-चारदा पाठ, मांड्या, गळा, सगळीकडे लाल फुगे, आणि खाज अशी का माणसानं खांबाले पाठ घासत उभं राहावं. एकदा ओठ इतका सुजला का फोरमननं विचारलं, "चंपत, मुँह में लड्डू है क्या?" शेजारच्या शकुबाईनं अंगभर गेरू फासून दिला आणि मी तसाच सकाळच्या पाळीले गेलो. आमच्याकडे एक रशियन इंजिनियर आहे, धिप्पाड पण मनानं साधा. तो मले पाहून थांबला आणि त्यानं दुभाष्याले विचारलं, या माणसाले रंग कोणी मारला? (लोखंडाले गंज चढू नये म्हणून आमी असाच लाल रंग मारतो.) मी म्हटलं, साहेबाले सांगा, हा पहिला हात आहे, दुसरा उद्या. तेव्हापासून मी दिसलो का तो रशियन हसते आणि येऊन हात मिळवते.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी गेली नाही. आमच्या गँगमधला बळीराम, मी पाणी प्यायलो का तो गिलास राखेनं घासून घेऊ लागला. मामाजी, मले काय वाटलं असेल ते तुमाले सांगायची गरज नाही. गाव सोडून इतक्या दूर आलो ते काय यासाठी? दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याची कॉलर धरली आणि विचारलं, खरं सांग, गिलास कावून घासतो? तो घाबरत म्हणाला, "अरे चंपत, तुझ्या अंगावरचं ते माझ्या लेकराले लागलं तर?" म्हणजे नुसतं पित्त! मले इतका आनंद झाला का मी त्याले तिथंच मिठी मारली. (तो आणखीच घाबरला. घरी जाऊन दोनदा आंघोळ केली म्हणे.) पण भीती तर भीतीच, म्हणून हे लागट नाही असा कागद लिहून घ्यायले मी दवाखान्यात गेलो, आणि तिथं फसलो.

तिथं अरुणकुमार नावाचे नवे डॉक्टर आले आहेत, वय माझ्याएवढंच, चश्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी कागद तर लगेच लिहून दिला, पण मले सोडलं नाही. भिलाईत देशभरातली माणसं येऊन राहिली, नवी हवा, नवं अन्न, नवी धूळ, तर कोणाले कशानं पित्त उठते आणि कशानं दमा होते याचा ते अभ्यास करून राहिले. छत्तीस माणसं जमवायची होती, पस्तीस जमली होती. मी छत्तिसावा. पहिल्या दिवशी माझ्या हातावर अठरा थेंब टाकले, कशात घरातली धूळ, कशात कापूस, कशात म्हशीचे केस, आणि प्रत्येक थेंबाखाली सुईनं ओरखडा. वीस मिनिटांनी पाहतो तर पहिलाच थेंब टम्म फुगलेला! मी ओरडलो, सापडला चोर! डॉक्टर म्हणाले, "ये तो सबको फूलता है, हाथ ठीक है कि नहीं, ये देखने के लिए." (हे त्यांनी आधी सांगायले पाहिजे होतं. तोपर्यंत मी बाहेरच्या बाकावर बसलेल्या सगळ्यांले सांगून आलो होतो.) बाकी सतरा थेंब गप्प. माझ्या शेजारी आमचा दमेकरी हिरालाल बसला होता, त्याले मात्र कापसाच्या थेंबावर वड्याएवढा फुगा आला. त्यानं घरी जाऊन लग्नातली गादी बाहेर काढली. आता उघड्या खाटेवर झोपते आणि जिना न थांबता चढते. पण गादी त्याच्या सासऱ्यानं दिली होती, आणि तो सासरा आता त्याच्याशी बोलत नाही. (सगळेच सासरे तुमच्यासारखे समजदार नसतात, मामाजी. हे वाक्य लक्षात ठेवून पुढचं वाचा.)

मग गोळ्या सुरू झाल्या. प्रत्येकाले नंबराची बाटली, माझी सतरा. अर्ध्या बाटल्यांत खरं औषध, अर्ध्यांत नुसती दुधाची साखर, दिसायले दोन्ही पिवळ्या. कोणाची कोणती हे डॉक्टरलेही माहीत नाही. यादी लाखेनं बंद केलेल्या पाकिटात, कम्पाउंडरच्या कपाटात. चार आठवडे गोळी घ्यायची आणि रोज काय खाल्लं, कुठं काम केलं, पित्त केव्हा उठलं ते वहीत लिहायचं. मामाजी, गोळी काय सांगू! पाचव्या दिवसापासून अंग असं साफ झालं का जसं नव्यानं जन्मलो. मी तर वेडाच झालो. कॅन्टीनमध्ये बाकावर चढून भाषण दिलं का विज्ञान म्हणजे काय ते या चंपतले पाहून शिका. दुसऱ्या दिवशी अकरा जण दवाखान्यात रांग लावून उभे, "सतरा नंबरवाली पीली गोली" पाहिजे म्हणून. त्यातल्या दोघांले तर मूळव्याध होती.

चार आठवडे संपले, बाटली रिकामी झाली, तरी अंग साफच. मी म्हटलं, औषध हाडात मुरलं. मग गावाकडचा डबा घेऊन आला आपला देवीदास. त्याची ड्यूटी बदलली होती म्हणून मधे महिनाभर त्याचं गावाहून इकडं येणं नव्हतं. त्या दिवशी पोटभर जेवलो, आणि तासाभरात पाठ, मांड्या, गळा, सगळं परत. ओठ तर असा का पोरगी मले पाहून रडली. मी धावत दवाखान्यात, मागून पिशवी घेऊन शालू, म्हटलं मले आणखी गोळ्या द्या. तोवर छत्तीसही जणांचे चार आठवडे संपले होते, म्हणून डॉक्टरांनी त्याच दिवशी पाकीट फोडलं. सतरा नंबर म्हणजे दुधाची साखर. मामाजी, सगळ्यांसमोर! हिरालाल इतका हसला का त्याले दमा लागते का काय असं वाटलं, पण नाही लागला.

आता प्रश्न असा, का गोळीत काही नव्हतं तर मी बरा कशानं झालो? डॉक्टरांनी माझी वही उघडली. (खरं सांगतो, मी दर रविवारी अख्ख्या आठवड्याचं एकदम लिहीत होतो, वरण-भात, वरण-भात, पुढच्या बुधवारचंही.) डॉक्टरांचं तोंड उतरलं. इतक्यात शालूनं पिशवीतून दुसरी वही काढली. मले पत्ताच नव्हता. सातवी पास झालेल्या तुमच्या पोरीनं रोजच्या रोज, वेळेसकट, सुवाच्य अक्षरात, मी काय खाल्लं, किती खाजवलं आणि कोणावर चिडलो ते सगळं लिहिलं होतं. डॉक्टर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि मी उभाच. दोघांनी मिळून बोट फिरवत फिरवत पाहिलं, तर ज्या-ज्या दिवशी पित्त, त्या-त्या दिवशी एक पदार्थ हजर, आणि ज्या दिवसांत अंग साफ, त्या दिवसांत तो डबा रिकामा. डॉक्टरांनी तो पदार्थ मागवला, पाण्यात भिजवून माझ्या हातावर एक थेंब टाकला. दहा मिनिटांत रुपयाएवढा फुगा.

मामाजी, मामीजीची जवसाची चटणी.

त्यांले सांगताना जपून सांगा. चटणीत दोष नाही, दोष माझ्या कातड्यात आहे, असं डॉक्टरांनी स्वतः म्हटलं आहे, आणि राहिलेली चटणी त्यांनी स्वतःच संपवली. मी पंचवीस दिवसांपासून साफ आहे. बळीराम आता माझ्याच गिलासानं पाणी पिते. काल मुद्दाम दोन गिलास प्यायला.

कळावे,
तुमचा आज्ञाधारक जावई,
चंपत

ता.क. खरं काम सांगायचं राहिलंच. डॉक्टरांले घरोघरी जाऊन अशा वह्या लिहून घेणारी बाई पाहिजे, कारण मरोद्यातल्या बाया त्यांच्याशी बोलत नाहीत, दार लावून घेतात. त्यांनी शालूले विचारलं आहे. तुमची परवानगी असेल तर तिचा सातवीचा दाखला देवीदासच्या हातानं पाठवा. मी अजून हो म्हटलं नाही, विचार करून राहिलो.

ता.क. २. विचार केला. हो म्हटलं.

बाबा, खालचं मी शालू लिहून राहिली. दाखला पाठवू नका, तो मी लग्नाच्या वेळीच पेटीत तळाशी घालून आणला होता. कामावर जाऊन मला आठ दिवस झाले, पोरीला शकुबाई सांभाळते. तुम्ही फक्त आईला महिनाभरासाठी पाठवा. ह्यांना भात टाकणं आणि भाकरी थापणं शिकवायचं आहे, पुढच्या सोमवारपासून सकाळचा स्वयंपाक ह्यांच्याकडे. हे ह्यांना अजून माहीत नाही, पण चिंता नाही, पत्र पोस्टात टाकायला मीच चालली.