सलोमाचा क्रॉसबो आणि डिकनची बग्गी

होम्स काउंटी, ओहायो
मंगळवार, १४ ऑक्टोबर

प्रिय ॲब्नर,

तिकडे इंडियानात तुला, एस्टाला आणि मुलांना आपल्या तारणाऱ्याच्या नावाने प्रेमाचा नमस्कार. इकडे मी बरा आहे. आज पहाटे खिडकीवर पहिल्यांदा दव गोठलं होतं, अर्धा मका अजून शेतात उभा आहे, आणि माझा उजवा गुडघा पाऊस येणार असं सांगतो आहे (तो ऑगस्टपासून हेच सांगतोय, त्यामुळे त्याच्यावर कोणी विसंबत नाही). एस्टाच्या पाठीला आता आराम असेल अशी आशा करतो. तुझं पत्र शनिवारी मिळालं. तू मला अजून दाजी लिहितोस, बरं वाटलं. सलोमा नसताना तिच्या झाडावरच्या मचाणावर एकट्याने बसवणार नाही, म्हणून यंदा नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीला येत नाही, असं तू लिहिलंस. बावीस वर्षांत हे पहिल्यांदाच. मी ते दोनदा वाचलं. तुझं म्हणणं मला कळतं आणि त्यावर मी काही बोलणार नाही. माझी काळजी करू नकोस, इकडे सगळं ठीक चाललं आहे, एवढंच कळवायला हे पत्र लिहितो आहे.

आता ठीक म्हणजे काय, ते थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

गेल्या जानेवारीत सलोमाच्या, तुझ्या बहिणीच्या, खांद्यात जुनं धनुष्य ओढण्याइतका जोर उरला नव्हता, तेव्हा तिने जोनसच्या दुकानात नवा क्रॉसबो सांगून ठेवला. (तू तो पाहिलेला नाहीस म्हणून लिहितो. बंदुकीच्या दस्त्यावर धनुष्य आडवं ठोकावं तसा तो दिसतो, वर एक छोटी दुर्बीण. दोरी एकदा मागे ताणून अडकवली की हाताने धरून ठेवावी लागत नाही. चाप ओढला की बाण सुटतो.) पुढच्या मोसमापर्यंत खांदा सुधारणार नाही, हे तिला पटलं होतं. बाकीचं आम्हा दोघांनाही पटलं नव्हतं. ती फेब्रुवारीत गेली आणि क्रॉसबो सप्टेंबरात आला. जोनसने विचारलं, परत पाठवू का. मी नको म्हणालो. का म्हणालो ते मला सांगता येणार नाही. तुला ठाऊकच आहे, तुम्ही दोघं झाडावर बसायचात आणि मी घरी कॉफी गरम ठेवायचो, मग संध्याकाळी सॉसेज भरायचो. माझ्या हातून आजवर एकही हरीण मेलेलं नाही आणि एकही सॉसेज फुटलेलं नाही.

जोनसने बजावलं होतं की नव्या क्रॉसबोची दोरी बसू द्यावी लागते. पहिले बारा-पंधरा बाण नुसते सोडायचे, दोरीला मेण लावत राहायचं, आणि बाण कुठे जातोय ते मनाला लावून घ्यायचं नाही. यातलं तिसरं मला चांगलं जमलं. अडचण अशी की दस्ता सलोमाच्या मापाचा आहे. तुम्हा काइम घराण्यातल्यांचे हात देवाने काटकसरीने बनवले, आणि उरलेलं सगळं सामान माझ्या हातांना लावलं. दुर्बिणीला डोळा लावायचा तर माझी कोपरं कानांपाशी येतात, हनुवटी दस्त्यावर टेकते आणि दाढी दोरीच्या वाटेत पडते. हे शेवटचं मला पहिल्या बाणाच्या वेळी माहीत नव्हतं. बाण गेला तो अजून सापडलेला नाही, आणि त्याच्याबरोबर डाव्या बाजूची मूठभर दाढीही गेली. (आता मी दाढी शर्टात खोचून नेम धरतो. क्रॉसबोबरोबर आलेल्या पुस्तिकेत लांब केस बांधून घ्यावेत असं लिहिलं आहे. दाढीबद्दल एक अक्षर नाही. ज्याने ती लिहिली तो आपल्यातला नसावा.) दुसरा बाण दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या रविवारच्या पँटीतून आरपार जाऊन खांबात रुतला. पँट मीच शिवली. टाके दिसतात.

त्यानंतर दुर्बिणीचे स्क्रू फिरवून नेम जुळवायचा असतो. वीस यार्डांवर पेंढ्याचा गठ्ठा ठेवला, त्यावर पिठाच्या पिशवीचा तुकडा टाचला. बाण डावीकडे पडला, मी स्क्रू फिरवला. बाण आणखी डावीकडे पडला, मी आणखी फिरवला. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी कोंबड्या आपण होऊन घराच्या उजव्या बाजूला राहायला गेल्या. शेवटी जोनस येऊन बघून गेला.

"उलटा फिरवतोयस," तो म्हणाला. "कोणी शिकवलं?"

"कोणीच नाही."

"दिसतंय."

आता गुरुवारची हकिकत. क्रॉसबोचा एक नियम आहे आणि तो फार वाईट आहे. दोरी एकदा ताणली की ती पुन्हा हाताने सैल करता येत नाही. बाण लावून सोडावीच लागते. बाण न लावता सोडली तर धनुष्याचे तुकडे होतात, म्हणजे तेही नाही. मी नुकतीच दोरी ताणली होती, सुरक्षेचा खटका लावला होता आणि बाण घ्यायला वळलो होतो, एवढ्यात आवारात डिकन योस्ट हर्शबर्गरची बग्गी शिरली. आमच्या चर्चच्या मंडळीत डिकन, म्हणजे धर्मगुरूचा मदतनीस, दोनच कामांसाठी घरी येतो : कोणाचं काही चुकलं असेल तर, किंवा कोणाचं लग्न जमवायचं असेल तर. माझं लग्न झालेलं होतं, त्यामुळे ते माझ्या मनातच आलं नाही. मला दाढी आठवली. विवाहित माणसाने दाढीला कात्री लावायची नाही हा आपला नियम, आणि माझी तर अर्धीच उरलेली. मी मान डावीकडे वळवून, म्हणजे तुटकी बाजू त्याला दिसू नये अशा बेताने, ओसरीवरच्या बाकावर बसलो. क्रॉसबो मांडीवर होता, कोंबड्यांच्या जुन्या खुराड्याकडे रोखलेला. तो खाली ठेवायला मी धजलो नाही, कारण ताणलेली वस्तू नजरेआड ठेवू नये असं पुस्तिकेत ठळक अक्षरात आहे.

योस्टने घोडा सोडून पाण्यावर नेला, तेव्हाच मी समजायला हवं होतं की मुक्काम लांबणार. बरोबर त्याने लाल अंड्यांच्या, म्हणजे बिटाच्या आंबट रसात मुरवलेल्या अंड्यांच्या, तीन बरण्या आणल्या होत्या. मलिंडा ट्रॉयरने पाठवल्या आहेत, असं म्हणाला (टेकडीपलीकडची विधवा, तू तिला ओळखतोस, तिचा नवरा सुतार होता). मग तो हवेवर बोलला, मक्यावर बोलला, बराच वेळ पुरुषांनी एकट्याने स्वयंपाक करण्यावर बोलला. मी होय-नाही करत राहिलो. अर्ध्या तासाने तो म्हणाला, "अर्विन, ते खाली का ठेवत नाहीस?"

"ठेवता येत नाही. ताणलेलं आहे."

"मग सैल कर."

"सैल होत नाही. सोडावंच लागतं."

तो क्रॉसबोकडे बघत बाकावर एक माणूसभर पलीकडे सरकला. "मलिंडा चांगली बाई आहे," तो तिकडून म्हणाला. "तू एकटा आहेस, तीही एकटी आहे. मी नुसतं बोलून बघतोय. तुझी मान आखडली आहे का?"

तेव्हा मला कळलं की तो कशासाठी आला आहे. मी इतका गडबडलो की मान सरळ केली आणि दाढी दिसली. योस्टने ती पाहिली, क्रॉसबो पाहिला, आणि पुढचं वाक्य गिळलं. "आधी ते सोडून ये," एवढंच म्हणाला.

मी अंगणात गेलो, दाढी खोचली, बाण लावला, गठ्ठ्यावर नेम धरला आणि सोडला. आवाज नीट झाला, पण पिशवीच्या तुकड्यावर बाण दिसेना.

"गेला कुठे?" योस्टने विचारलं.

"सवय आहे मला. सापडत नाहीत."

तो घोडा जुंपायला गठ्ठ्याच्या मागे गेला. (सावली म्हणून बग्गी त्याने तिथल्या झाडाखाली लावली होती. माझं लक्ष सगळा वेळ मांडीवर होतं.) जरा वेळाने आवाज आला, "अर्विन."

"काय?"

"सापडला."

तो गठ्ठा उंदरांनी आतून पोखरलेला निघाला. बाण त्यातून पलीकडे गेला होता आणि बग्गीच्या मागे, मोटारवाल्यांना दिसावा म्हणून लावतात त्या नारिंगी त्रिकोणाच्या अगदी मधोमध रुतून बसला होता. जोनसने नंतर मोजलं. बोटभरही इकडेतिकडे नाही. आम्ही दोघांनी ओढून पाहिला, निघाला नाही.

"मुद्दाम?" योस्टने विचारलं.

"नाही."

"मग ठीक आहे," तो म्हणाला, आणि बाणासकट घरी गेला. वाटेत त्याला निम्म्या गावाने पाहिलं.

रविवारी उपासनेआधी पुरुष कोठाराशी रांगेत उभे राहतात, तेव्हा माझ्या दोन्ही बाजूंना एकेका माणसाची जागा मोकळी होती. मलिंडाचा निरोप डिकनच्या बायकोकडून आला. अर्विन अबोल आहे असं ऐकून होते, हत्यार मांडीवर घेऊन बसतो हे कोणी सांगितलं नव्हतं, असं ती म्हणाली. शिवाय तिने डिकनला काहीच बोलायला सांगितलं नव्हतं. तिच्याकडे अंडी जास्त झाली होती. बरण्या धुऊन परत कराव्या. (अंडी चांगली आहेत. सलोमा त्यात लवंग घालायची.)

तर असं सगळं ठीक आहे. दोरी बसली, नेम जुळला, आणि आता वसंतापर्यंत माझ्याकडे कोणी फिरकेल असं वाटत नाही. तू निश्चिंत राहा. मुलांना आशीर्वाद.

तुझा दाजी,
अर्विन राबर

ता. क. नेम जुळला असं वर लिहिलं, ते खरं नाही. त्रिकोणाचा बाण सोडून बाकी सगळे अजून चार बोटं डावीकडे जातात. पत्र शाईने लिहिलं आहे म्हणून खोडत नाही.

दुसरा ता. क. जोनस म्हणाला, दस्ता लांब करून तुझ्या मापाचा करतो, अर्ध्या तासाचं काम आहे. मी नको म्हणालो. आता तो ज्याच्या हाताला बसेल असा मला ठाऊक असलेला एकच माणूस आहे, आणि तो इंडियानात राहतो.

तिसरा ता. क. काल मचाणावर चढून पाहिलं. शिडी भक्कम आहे. तुझ्या बाजूच्या पत्र्याच्या डब्यात पेपरमिंटच्या गोळ्या आहेत, तिने गेल्या वर्षी ठेवलेल्या. नऊ आहेत. मी खाल्ल्या नाहीत.

शेवटचा ता. क. क्रॉसबो ताणलेला टेबलावर पडला आहे आणि सोडायचा माझा धीर होत नाही, असं लिहिणार होतो, म्हणजे तू पहिल्या गाडीने आला असतास. पण ते खोटं झालं असतं. बाण सोडून तो मोकळा केला आणि खुंटीला टांगला आहे. तरी ये. कॉफी गरम ठेवतो.