भोपळ्या पडतो तेव्हा

कोल्हापूर
रविवार, दुपार

प्रिय उन्मेष,

‘प्रिय’ सवयीनं लिहून गेले. खोडलं असतं तर तुला ते खोडलेलं दिसलं असतं, म्हणून राहू दिलं. तुझा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. फोन करता आला असता, पण फोनवर तू मध्येच बोलायला लागतोस आणि माझं सांगायचं राहून जातं. मागच्या वेळी तसंच झालं. इथं तुला शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागेल.

गल्ली आहे तशीच आहे. तुमच्या घराला नवा रंग दिलाय. तुझे वडील, नृसिंह सर, संध्याकाळी कट्ट्यावर बसतात. हातकणंगल्याच्या शाळेत शिकवून मी परत येताना दिसले की “आलीस का गं” एवढंच विचारतात आणि पेपर तोंडासमोर धरतात. अब्बा गेल्यापासून सरांना माझ्याशी काय बोलावं ते सुचत नाही. गादीचं दुकान आता अरीब बघतो. कापूस पिंजून घ्यायला फारसं कुणी येत नाही, सगळ्यांना फोमच्या गाद्या हव्यात. माझा भाऊ तक्रार करत नाही, पण दुकानात रेडिओ लावायचा त्यानं बंद केलाय.

अब्बा सिनेमात कसे आले हे तुला मी नव्यानं सांगायची गरज नाही. तरी सांगणार आहे, कारण तू ते विसरलास असं मला वाटतं. आपण चौथीत होतो. गगनबावड्याला एका मराठी सिनेमाचं शूटिंग चाललं होतं आणि मारामारीत पडायला लागणाऱ्या गाद्या अब्बांनी इथून टेम्पोत घालून नेल्या होत्या. धुक्यामुळं काम अडलं, मग पाटलाच्या गड्याचं काम करणाऱ्या नटाचा पाय मुरगळला. अब्बा तिथंच गाद्या झटकत उभे होते. म्हणाले, “मी पडतो की. ल्हानपणापास्नं कापसाच्या ढिगावर पडत आलोय.” असा इकबाल गादीवाला भोपळ्या झाला. गोल पोट, डोक्याला मुंडासं, पाटलाच्या मागंमागं पळणारा. कुणीही ढकलावं, कुणीही लाथ घालावी, आणि त्यानं उतारावरून गडगडत जाताना ओरडावं, “आगागागा, मेलो की रं.” थिएटरात सगळे त्याच्याबरोबर ओरडायचे.

पण लोकांनी भोपळ्याला डोक्यावर घेतलं ते त्याच्या पडण्यासाठी नव्हे. शेवटी पाटील त्याला शाळेतल्या बाईंना ओढून आणायला पाठवतो, आणि हा दारात हात पसरून उभा राहतो. पाटील मारतो, पुन्हा मारतो. तो पडत नाही. म्हणतो, “न्हाय पडायचो आता.” आपण दोघं अब्बांच्या दोन बाजूंना बसून तो सिनेमा बघितला होता. तू रडलास आणि अब्बांच्याच शर्टाच्या बाहीला नाक पुसलंस. ती गोष्ट अब्बा तुझी आठवण निघाली की सांगायचे. तुझ्या मागं, आणि कौतुकानं.

पुढं त्यांना दुसरा सिनेमा मिळाला नाही आणि त्यांनी शोधलाही नाही. गिऱ्हाईक दुकानात आलं की “भोपळ्या तुम्हीच न्हवं?” म्हणायचं, अब्बा चहा मागवायचे. एवढ्यावर तो माणूस खूश होता.

तू पुण्याला गेलास तेव्हा रंकाळ्याच्या कठड्यावर बसून म्हणाला होतास, नोकरीत जम बसला की मी चाचांशी बोलतो. मी घरात कुणाला काही सांगितलं नाही. पण आपल्या गल्लीत न सांगता सगळं कळतं. माझ्यासाठी मिरजेहून, निपाणीहून विचारणा यायच्या. अब्बांनी त्या हळूहळू बंद केल्या. मला कारण विचारलं नाही. एकदा मी आत आहे हे माहीत नसताना अम्मीला म्हणाले, “बिबीजान, पोरगा आपल्या डोळ्यासमोर वाढलाय. लोक थोडं दिवस बोलतील आणि गप बसतील. आपण कशाला घाबरायचं?” अम्मी मग म्हणाली, “तो आला तर मी नाही म्हणणार नाही.”

तू येत नव्हतास. वर्षं गेली. मग एका दिवाळीनंतर तुझा अब्बांना फोन आला की, चाचा, महत्त्वाचं बोलायचंय, फोनवर नको, समक्ष येतो. तू हेच शब्द वापरले होतेस. तुला ते आठवत नसतील. आमच्या घरात ते सगळ्यांना पाठ आहेत.

त्या दिवशी अब्बांनी दुकान बंद ठेवलं. मिशीला कलप लावला. अम्मीनं पहाटेपासून बिर्याणी केली, आणि तुला आवडतो म्हणून शीरखुर्मा, ईद नसताना. अरीबनं पायरीवरच्या चपला नीट लावल्या. मला कुणी काही बोललं नाही, फक्त अम्मीनं कपाटातला हिरवा ड्रेस माझ्या पलंगावर काढून ठेवला. तो मी घातला.

तू दोन मोठ्या बॅगा घेऊन आलास. जेवलास, चाचीच्या हाताची चव तशीच आहे म्हणालास. मग सांगितलंस की तुमची कंपनी सिनेमांवरून मोबाइलचे गेम करते, या सिनेमाचे हक्क मिळालेत, आणि भोपळ्याशिवाय तो गेम होऊच शकत नाही. चाचांचा चेहरा हवा, पडणं हवं, आवाज हवा. अब्बा ऐकत होते. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, फक्त एकदा. मग मांडीवर हात मारून उठले आणि म्हणाले, “एवढंच व्हय? मला वाटलं काय की. चल, पडतो.”

त्या दुपारी दुकानात गाद्या अंथरून साठी उलटलेला माझा बाप तुझ्यासाठी पडत राहिला. पुढं पडला, मागं पडला, कुशीवर पडला. तू त्यांचे चारी बाजूंनी फोटो काढलेस, आवाजाचं यंत्र तोंडासमोर धरलंस. “अजून एकदा, चाचा, जरा जोरात.” ते अजून जोरात ओरडायचे. कानाला हेडफोन लावून तू म्हणालास, काय खरा आवाज येतोय. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. तो आवाज इतका खरा का येत होता हे त्या खोलीत तुला सोडून सगळ्यांना कळत होतं.

अदितीबद्दल तू मला बूट घालताना सांगितलंस. नाडी बांधत, खाली बघत. लग्न ठरलंय, तुझ्यासारखीच साधी आहे, तुमची मैत्री होईल. मी बरं म्हणाले. त्यावर मला आजही जास्त लिहायचं नाही. हे पत्र तिनं वाचलं तरी माझी हरकत नाही, तिचा यात काही दोष नाही.

गेम आला तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांना आनंदच झाला. अरीबनं आपल्या फोनवर घेतला. अब्बांनी चष्मा लावून स्वतःला बघितलं. छोटासा भोपळ्या, तेच पोट, तेच मुंडासं. बोटानं ढकललं की गडगडत जायचा, ओरडायचा, वर गुण पडायचे. जितका लांब गडगडेल तितके जास्त. अब्बा खूप वेळ खेळले. मग त्यांनी अरीबला विचारलं, “ते दारात हुबा ऱ्हातो ते कुठं हाय?” अरीबनं सगळे टप्पे पार करून बघितले. ते कुठंच नव्हतं. मी तुला फोन करून विचारलं, तेव्हा तू म्हणालास, अगं, तो उभा राहिला की खेळणाऱ्यानं करायचं काय? त्यात खेळण्यासारखं काही नाही. एवढ्या मोठ्या सिनेमातनं तुम्ही फक्त माझ्या बापाचं पडणं उचललंत आणि बाकीचा माणूस तिथंच ठेवलात. मी हे अब्बांना सांगितलं नाही. पुढच्या भागात असेल, एवढंच त्यांना म्हणाले.

महिन्याभरात तो गेम घराघरांत गेला. मग सुरू झालं ते तुला पुण्यात दिसलं नसणार. पोरं मागून येऊन त्यांना ढकलायची आणि पळायची. मोठी माणसंही कमी नव्हती. बँकेत, चहाच्या गाड्यावर, कुणीही खांद्याला धक्का द्यायचं, “भोपळ्या, पड की.” पूर्वी लोक त्यांच्याबरोबर चहा प्यायचे, आता फोन काढून उभे राहायचे. पेठ वडगावच्या एका लग्नात त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं, फेटा बांधला, आणि व्यासपीठाच्या पायरीवरून नवऱ्याच्या मित्रांनी ढकललं. अब्बा पडले, ओरडले, हसत उठले. घरी आल्यावर अम्मीनं त्यांच्या गुडघ्याला हळद लावली. मी चिडले तर मलाच म्हणाले, “कलाकाराचं काम हाय ते. त्यात काय राग धरायचा?” पण त्यानंतर त्यांनी मुंडासं बांधलं नाही, आणि बाहेर पडताना भिंतीच्या कडेकडेनं चालायला लागले.

तेव्हा मी तुला दुसऱ्यांदा फोन केला. हे थांबव, निदान चेहरा बदल, म्हणाले. तू मध्येच म्हणालास, “आफशीन, चाचांना प्रॉब्लेम आहे, की तुला आहे?” आणि पुढं, “तू अजून त्या जुन्या गोष्टीवरून हे बोलतेयस.” मी फोन ठेवला. माझ्या बापासाठी मागितलेली गोष्ट तू माझ्या रडगाण्यात घातलीस, त्यानंतर तुझ्याशी बोलायचं नाही असं मी ठरवलं.

श्रावणात एका सकाळी अब्बा मंडईत कोथिंबीर आणायला गेले. पायऱ्या ओल्या होत्या, पालापाचोळा पडलेला. तिथं ते घसरले आणि खाली आपटले. या वेळी कुणी ढकललं नव्हतं, कुणाचा दोष नव्हता. ते ओरडले. काय ओरडले असतील ते तुला सांगायला नको. खरं पडलेला माणूस तेच ओरडतो, उन्मेष, दुसरं काय ओरडणार? मंडई हसली. कुणी म्हणालं, अजून एकदा. लोक कडं करून उभे राहिले, फोन वर धरून. अब्बा हात पुढं करत होते, तर त्यालाही लोक हसत होते. शेवटी भाजी विकणारी तानाबाई गर्दीत घुसली आणि ओरडली, “मुडद्यांनो, रडतोय त्यो. दिसंना व्हय तुमास्नी?” मग लोकांनी फोन खाली केले. मला हे तानाबाईनंच सांगितलं. चित्रीकरणही आहे, पुष्कळ लोकांकडं आहे. मी बघितलेलं नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण छातीत कफ भरला आणि ते अंथरुणातून उठले नाहीत. तुझं नाव त्यांनी काढलं, पण तुला बोलवा असं म्हणाले नाहीत. अरीबला एवढंच विचारलं, “उन्मेषचं बरं चाललंय न्हवं?” अरीब हो म्हणाला. बागल चौकातल्या कब्रस्तानात माती दिली तेव्हा तुझे वडील पायात काही न घालता आले होते. तू आला नाहीस. तुमच्या कंपनीनं मात्र गेममध्ये अब्बांचा फोटो लावला, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि त्या दिवसापुरते भोपळ्याला पाडल्यावर दुप्पट गुण. हे तू ठरवलंस की दुसऱ्या कुणी, मला माहीत नाही. पण तुझ्या डोळ्यांखालून गेलं असणार.

एवढं सगळं होऊनही मी गप्प होते आणि गप्पच राहणार होते. आज लिहायला बसले ते अम्मीसाठी. तिचं आता विसरणं फार वाढलंय. अब्बा गेलेत हे तिला सकाळी माहीत असतं आणि दुपारी नसतं. गल्लीत कुणाच्या तरी फोनमध्ये तो गेम चालू असतो, आणि अब्बांचा आवाज येतो. आवाज आला की ती असेल तशी उठते, “पडलेत, ते पडलेत” म्हणत दाराबाहेर धावते. आम्ही तिला आत आणतो, समजावतो, ती पुन्हा पहिल्यापासून रडते, कारण तिला ते पुन्हा पहिल्यांदाच कळलेलं असतं. शेजाऱ्यांना सांगून झालं, रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाकुणाला सांगू? काल शाळेची व्हॅन दारात थांबली होती, आतून आवाज आला, आणि ती अनवाणी रस्त्यात जाऊन व्हॅनच्या चाकाखाली वाकून त्यांना शोधत होती. ड्रायव्हरनं आरशात बघितलं म्हणून वाचली. ज्याच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, त्याच्याकडं म्हणून मी हे मागतेय. त्या गेममधनं अब्बांचा आवाज काढून टाक. दुसऱ्या कुणाचाही घाल, तुझा स्वतःचा घाल. चेहरा राहू दे. अम्मीला आता फोनवरचं दिसत नाही.

इकबाल गादीवाल्याची मुलगी,
आफशीन